गाठ बीजकोशात, चूक मेंदूच्या निरोपात

“डॉक्टर, आमच्या गाईला बायकांसारखी सिस्ट झाली म्हणे. खरं का?” असा प्रश्न दवाखान्यात अधूनमधून कानावर येतो. मी माणसांचा डॉक्टर; गाईची तपासणी आणि उपचार पशुवैद्यकांनीच करायचे. पण या आजारामागचे हार्मोन्स, म्हणजे संप्रेरके, गाईत आणि स्त्रीत बऱ्याच अंशी सारखी आहेत. शिवाय गाईला दिल्या जाणाऱ्या एका इंजेक्शनाचा घरातल्या माणसांच्या आरोग्याशी थेट संबंध येतो. म्हणून आज हा विषय.

आधी निरोगी गाईत काय घडते ते पाहू. गाय साधारण दर २१ दिवसांनी माजावर येते. त्या वेळी तिच्या बीजकोशात पाण्याने भरलेला एक फुगा, म्हणजे पुटक, दीड ते दोन सेंटिमीटरपर्यंत वाढलेले असते. त्यातून इस्ट्रोजेन रक्तात उतरते आणि गाय माज दाखवते. इस्ट्रोजेन पुरेसे वाढले की मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग ‘जीएनआरएच’ नावाचे संप्रेरक सोडतो. तो निरोप मिळताच मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी ‘एलएच’चा लोंढा सोडते. पुटक फुटते, बीज बाहेर पडते. रिकाम्या जागी पीतपिंड तयार होऊन प्रोजेस्टेरॉन देऊ लागतो.

या जीएनआरएचची रचना १९७१ साली उलगडली. डुकरांच्या आणि मेंढ्यांच्या मेंदूंवर काम करणाऱ्या शॅली व गिलेमिन या शास्त्रज्ञांना १९७७ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. गाईतले आणि स्त्रीतले हे संप्रेरक रचनेने एकच आहे.

आता बिघाड कुठे होतो? इस्ट्रोजेन वाढते, पण हायपोथॅलॅमस त्याला दाद देत नाही. एलएचचा लोंढा वेळेवर येत नाही किंवा अपुरा पडतो. पुटक न फुटता वाढतच राहते, तीच सिस्ट. म्हणजे गाठ बीजकोशात दिसली तरी चूक बहुधा वरून येणाऱ्या निरोपात असते. प्रोजेस्टेरॉनचा पुरेसा काळ मिळाल्यावरच हायपोथॅलॅमस पुन्हा ताळ्यावर येतो.

हे दुखणे जास्त दूध देणाऱ्या गाईंत, व्याल्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत अधिक दिसते. दूध भराभर वाढते, पण खाणे त्या मानाने वाढत नाही. अंगावरची चरबी वितळते, रक्तातील इन्सुलिन कमी होते आणि बीजकोशाचे काम बिघडते. वार अडकणे, गर्भाशयात पू होणे, कीटोसिस, उन्हाचा किंवा लंगडण्याचा ताण यांनीही धोका वाढतो. काही प्रमाणात आनुवंशिकताही असते.

सिस्ट दोन प्रकारची. पातळ भिंतीची असेल तर काही गाई वारंवार, अनियमित माज करतात, इतर गाईंवर उडतात. पण बऱ्याच गाई माजावर येतच नाहीत. जाड भिंतीची सिस्ट प्रोजेस्टेरॉन देत राहते, म्हणून माज बंद होतो. दोन्हींचे उपचार वेगळे. त्यासाठी पशुवैद्यकांची तपासणी हवी. सोनोग्राफीची सोय असेल तर उत्तम. पहिल्या प्रकारात बहुधा जीएनआरएचचे इंजेक्शन किंवा प्रोजेस्टेरॉन देतात, दुसऱ्यात प्रोस्टाग्लँडिन. व्याल्यानंतर लवकर झालेल्या कित्येक सिस्ट आपोआपही जिरतात. हात घालून गाठ फोडण्याचा जुना प्रकार मात्र टाळावा. त्याने रक्तस्राव होतो, बीजकोश चिकटतो आणि मूळ बिघाड तसाच राहतो.

आता माझ्या अखत्यारीतली गोष्ट. प्रोस्टाग्लँडिन कातडीतूनही अंगात शिरते. गरोदर बाईच्या अंगात गेले तर गर्भपात होऊ शकतो. दमेकऱ्याला जोराची धाप लागू शकते. आपल्याकडे गोठ्यातले बरेचसे काम बायकाच करतात. तेव्हा गरोदर सुनेला किंवा लेकीला हे इंजेक्शन हाताळायला देऊ नये, फुटलेली बाटली उचलायलाही सांगू नये. दमेकऱ्यांनीही दूर राहावे. औषध अंगावर सांडले तर लगेच साबण-पाण्याने धुवावे. सुई टोचली किंवा धाप लागली तर औषधाची बाटली घेऊन तत्काळ दवाखाना गाठावा. हेच औषध गाभण गाईला चुकून दिले तर तीही गाभडते. म्हणून पशुवैद्यकांच्या सल्ल्याशिवाय दुकानातून आणून ते टोचू नये.

दोन शंकांचे निरसन करतो. अशा गाईचे दूध प्यायल्याने मुलींना सिस्ट होत नाही. हा संसर्गाचा रोग नाही. दुसरे, बायकांचा ‘पीसीओएस’ आणि गाईची सिस्ट एक नव्हे. तिथे लहान लहान पुष्कळ पुटके असतात आणि इन्सुलिन बहुधा वाढलेले असते. गाईत एक-दोन मोठ्या गाठी असतात आणि इन्सुलिन घटलेले असते. म्हणून घरातल्या बाईच्या गोळ्या गाईला देऊ नयेत.

शेवटी, सोपे उपाय. आटवलेली गाय फार माजू देऊ नका, रोडावूही देऊ नका. व्याल्यानंतर खुराक हळूहळू वाढवा, खनिज मिश्रण द्या, बुरशी आलेला चारा टाळा. गोठ्यातल्या कॅलेंडरवर व्याल्याची आणि प्रत्येक माजाची तारीख लिहा. दोन महिने उलटूनही माज दिसला नाही किंवा माज वेळीअवेळी येऊ लागला, तर गाय बाजार दाखवण्याआधी पशुवैद्यकांना दाखवा. वेळेत उपचार झाले तर यातल्या बऱ्याच गाई पुन्हा गाभण राहतात.