वाटेवरची कुत्री आणि आपण

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि पालकसभेला आल्यावर या भिंतीपाशी थांबलेल्या पालकांनो,

या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी आमच्या सातवीच्या वर्गाला 'आपला परिसर' हा विषय मिळाला. कोणी विहिरींवर लिहिले, कोणी पिकांवर लिहिले. मी कुत्र्यांवर लिहिते आहे. हसू नका. वरच्या वस्तीवरच्या दुसरीतल्या दोघी बहिणी दिवाळीच्या सुट्टीनंतर चार दिवस शाळेत आल्या नाहीत. त्यांना ताप नव्हता, घरी लग्नकार्यही नव्हते. पाणंदीच्या वाटेवर कुत्री सुटी असतात आणि अंगावर येतात, एवढेच कारण होते. एका कुत्र्यापायी शाळा बुडते, म्हणजे हा अभ्यासाचा विषय आहे, असे गुरुजी म्हणाले.

मी आठवडाभर येताजाता वहीत टिपणे केली. वरच्या वस्तीपासून शाळेपर्यंत वाटेला सहा घरे लागतात. त्या घरांची मिळून नऊ कुत्री. त्यांतली सकाळी बांधलेली दोनच. बाकीची सात मोकळी. कोणाचीच नाहीत अशी कुत्री मात्र मला त्या वाटेवर एकही दिसले नाही. ती एस. टी. स्टँडजवळ आणि मटणाच्या दुकानापाशी असतात. म्हणजे आपल्याला भीती वाटते ती बहुतेक मालकाच्याच कुत्र्यांची. हे मला वही चाळताना समजले, आधी वाटत होते की सगळी भटकीच आहेत.

आता ही कुत्री लोक पाळतात कशाला? हौस म्हणून फार थोडे. शेतात मोटार असते, केबल असते, कोंबड्या असतात, गोठ्यात शेळ्या असतात. रात्री रानडुकरे येतात. उसाच्या भागात बिबट्या येतो आणि तो आधी कुत्र्यालाच उचलतो, म्हणून तिकडे कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात. धनगरांच्या कळपाबरोबर कुत्री असतातच, त्यांच्यावाचून मेंढरे राखता येणार नाहीत. आपल्या भागात कारवानी जातीची उंच, बारीक कमरेची कुत्री शिकारीसाठी पाळत. दत्ताच्या फोटोत चार कुत्री असतात, खंडोबाजवळही कुत्रा असतो. तेव्हा कुत्रे वाईट, असे मी म्हणणार नाही. ज्या कुत्र्याला आपण राखण करायला शिकवले, त्याला दप्तर घेतलेले पोर आणि चोर यांतला फरक कोण सांगणार?

कुत्र्याच्या मनात एक हद्द असते. आमच्या वाटेवरचा काळा कुत्रा बाभळीपासून हौदापर्यंतच भुंकत येतो. हौद ओलांडला की जागीच उभा राहतो, आणि मग जणू काही झालेच नाही असा माघारी जातो. हे मी सहाही दिवस पाहिले. त्याला आपल्याला खायचे नसते, आपल्या हद्दीबाहेर घालवायचे असते. मात्र त्या हद्दीत आपण पळालो तर तो वेगळे समजतो. पळणाऱ्याचा पाठलाग करणे हे कुत्र्याच्या रक्तातच आहे. म्हणून ते सायकलच्या मागे लागतात, मोटारसायकलच्या मागे लागतात, वासराच्याही मागे लागतात.

कुत्र्याचे शरीर वाचता आले पाहिजे. सगळे समजतात, शेपूट हलवले म्हणजे कुत्रा खूश. तसे नाही. सैल शेपूट, सगळे अंग हलते आहे, कान मागे, तोंड जरा उघडे, असा कुत्रा खुशीत असतो. पण शेपूट वर ताठ करून नुसते टोक हलवत असेल, अंग लाकडासारखे ताठ असेल, पाठीवरचे केस उभे असतील आणि तो टक लावून बघत असेल, तर तेथेच थांबावे. शेपूट पायात घातलेला कुत्रा गरीब वाटतो, पण तो भ्यालेला असतो, आणि कोपऱ्यात अडकला तर भ्यालेलाच लवकर चावतो. 'भुंकणारा कुत्रा चावत नाही' अशी म्हण आहे. आमचे गुरुजी म्हणतात, ही म्हण माणसांना पाठ आहे, कुत्र्यांना कोणी शिकवलेली नाही. भुंकणारा कुत्राही चावतो.

मग समोर कुत्रा आला तर काय करायचे? पळायचे नाही, ही पहिली गोष्ट. बोलायला सोपी आणि करायला फार अवघड आहे, हे मला ठाऊक आहे. जागीच झाडासारखे उभे राहायचे. हात अंगाला लावून, मुठी मिटून. त्याच्या डोळ्यांत बघायचे नाही, कारण कुत्र्याला रोखून बघणे म्हणजे भांडणाचे आमंत्रण वाटते. खाली बाजूला बघायचे, पण तो कुठे आहे ते डोळ्याच्या कडेने कळले पाहिजे. ओरडायचे नाही. तो हुंगून गेला तर जाऊ द्यायचा. तो जरा दूर झाला की त्याच्याकडे पाठ न करता, हळूहळू, बाजूबाजूने निघायचे. दप्तर असेल तर ते त्याच्या आणि आपल्यामध्ये धरायचे. सायकलवर असलात तर उतरा आणि सायकल आडवी मध्ये ठेवा. आणि समजा, पाडलेच त्याने, तर गुडघे पोटाशी घेऊन गोळा व्हायचे, दोन्ही हातांनी मान आणि कान झाकायचे. हे आम्ही खेळाच्या तासाला करून पाहिले. पहिलीची मुले गोळा होऊन हसायलाच लागली, पण त्यांच्या ध्यानात राहिले.

खाली वाकून दगड उचलल्यासारखे केले की बरेच कुत्रे मागे सरतात, ही गोष्ट खरी आहे. आमची आजी तेच सांगते, "नुसतं वाकलं तरी पळतंय ते." पण खरोखर दगड मारण्याबद्दल माझे मत वेगळे आहे. सातवीतला मोठा मुलगा दगड मारून निघून जातो, आणि दगड खाल्लेला तो कुत्रा त्याचा राग मागून येणाऱ्या दुसरीच्या पोरीवर काढतो.

जेवणाऱ्या, झोपलेल्या, बांधलेल्या आणि पिलांपाशी असलेल्या कुत्र्याजवळ जायचे नाही. पिलू कितीही गोंडस दिसले तरी आधी त्याची आई कुठे आहे ते बघावे.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. कुत्रा चावला किंवा त्याचे नख लागून ओरखडा उठला, तर घरी सांगायचे. मार बसेल म्हणून लपवायचे नाही. पालकांनो, हे तुमच्यासाठी आहे. गेल्या वर्षी आपल्या शाळेतल्या तिसरीतल्या एका मुलाने दोन दिवस चावल्याचे सांगितले नव्हते, कारण त्याला त्या रानात जायची बंदी होती. आईने आंघोळ घालताना पोटरीवरचे दात बघितले. तोवर त्याने त्यावर स्वतःच चुना लावला होता. त्याला दवाखान्यात नेले, सगळी इंजेक्शने दिली, आणि तो आज ठणठणीत आहे. पण त्या दोन दिवसांचे मोल काय होते ते पुढे वाचा.

पिसाळण्याच्या रोगाला रेबीज म्हणतात. हा विषाणूचा रोग आहे. तो पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत असतो. जखमेतून आत शिरला की तो रक्तातून न जाता मज्जातंतूंवरून हळूहळू मेंदूकडे सरकतो. म्हणून तोंडाला किंवा डोक्याला चावलेले जास्त धोक्याचे, कारण तेथून वाट जवळची. रोग बाहेर पडायला बहुधा एक ते तीन महिने लागतात, कधी आठवड्यातही होते, कधी वर्षही जाते. आणि एकदा लक्षणे दिसली, पाण्याची भीती वाटू लागली, की माणूस बहुधा वाचत नाही. पण त्याच्या आधी लस घेतली तर वाचतो. असे रोग थोडेच असतील, आधी औषध असणारे आणि नंतर नसणारे.

म्हणून जखम लगेच वाहत्या पाण्याखाली धरून साबणाने १५ मिनिटे धुवायची. घड्याळ लावून १५ मिनिटे. या विषाणूवर चरबीचे आवरण असते आणि साबणाने ते फुटते. कपडे धुवायचा साबणही चालतो. मिरचीपूड, हळद, चुना, तेल, तंबाखू यांतले काही लावायचे नाही, घट्ट पट्टी बांधायची नाही. अंगारा लावला तरी आधी दवाखाना. कुत्रा, मांजर, माकड, कोल्हा, कोणीही चावो, नियम हाच.

आजीच्या मनात अजून पोटातली १४ इंजेक्शने आहेत. तिच्या भावाला दिली होती म्हणे, पोट सुजून टम्म झाले होते. ती भीती अजून लोकांच्या मनात आहे आणि म्हणून लोक टाळतात. पण ती जुनी लस आपल्या देशात २००५ च्या सुमारास बंद झाली. आता सरकारी दवाखान्यात दंडावर कातडीत छोटी इंजेक्शने देतात, पहिल्या दिवशी, मग ३ऱ्या, ७व्या आणि २८व्या दिवशी. रक्त आले असेल तर जखमेत वेगळे औषधही भरतात, ते पहिल्याच भेटीत मागून घ्यावे. लस फुकट आहे. २८व्या दिवसाचे इंजेक्शन लोक विसरतात, तेवढे कॅलेंडरवर लिहून ठेवा.

ही लस पहिल्यांदा लुई पाश्चर यांनी फ्रान्समध्ये ६ जुलै १८८५ रोजी एका मुलाला दिली. त्याचे नाव जोसेफ मायस्टर, वय ९ वर्षे. म्हणजे आपल्या चौथीतल्या मुलाएवढा. त्याला १३ इंजेक्शने दिली आणि तो जगला. पाश्चर २८ सप्टेंबर १८९५ रोजी वारले. तोच दिवस आता जागतिक रेबीज दिन म्हणून पाळतात.

पिसाळलेला कुत्रा नेहमी तोंडाला फेस आणून धावतच येतो असे नाही. काही नुसते अंधारात जाऊन बसतात, जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो. माणसाला वाटते घशात हाड अडकले आणि तो हात घालायला जातो. तसे कधीही करू नये. जनावरांच्या दवाखान्याला कळवावे, १९६२ या नंबरवरही फोन लागतो. चावलेले कुत्रे मारून टाकू नये. त्याच्यावर १० दिवस लक्ष ठेवता आले पाहिजे. १० दिवसांनी ते धडधाकट असेल तर चावताना ते पिसाळलेले नव्हते, हे कळते. पण माणसाची लस त्यासाठी थांबवायची नाही, ती त्याच दिवशी सुरू करायची.

आता कुत्र्याच्या मालकांविषयी. पिलू ३ महिन्यांचे झाले की रेबीजची लस, नंतर डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, पुढे दरसाल. आमच्या वाटेवरच्या नऊ कुत्र्यांपैकी किती जणांना लस आहे, हे मी घरोघरी विचारले. तीन. दोन घरी तर मलाच विचारले, "कुत्र्याला बी लस असती व्हय?" म्हशीला लाळ-खुरकुताची लस टोचतो तशीच ही आहे, असे मी सांगितले तेव्हा पटले. कुत्री दोन महिन्यांत विते आणि एका वेळी पाच-सहा पिले होतात. मग ती पिले पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या वेशीवर सोडतात. दुसऱ्या गावचे लोक आपल्या वेशीवर सोडतात. हा कसला हिशेब? आपल्या कुत्रीचे ऑपरेशन करून घ्यावे. २०२३ च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे पाळीव कुत्र्याची लस आणि ऑपरेशन ही मालकाची जबाबदारी आहे, आणि भटक्या कुत्र्यांची गावच्या कारभाऱ्यांची.

कायदा दोन्ही बाजूंनी बोलतो. आपल्या जनावरापासून कोणाच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून मालकाने काळजी घेतली नाही, तर सहा महिनेपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आणि १९६० च्या प्राण्यांच्या छळाच्या कायद्यात असेही आहे की कुत्रा कायम साखळीला बांधून ठेवला आणि त्याला फिरवले नाही, तर तोही गुन्हा. मला हे दुसरे कलम जास्त आवडले. कारण दिवसरात्र हातभर साखळीला बांधलेला कुत्रा अधिकच चिडका होतो, आणि एक दिवस साखळी तुटते.

त्या दोघी मुलींसाठी गुरुजी, त्यांचे वडील आणि आम्ही चौघे जण पाणंदीच्या घरी गेलो. काळ्या कुत्र्याचे मालक काका आधी जरा रागावले. म्हणाले, "बांधून ठेवलं तर माझी राखण कोण करणार? मागल्या साली केबल गेली, भरून दिली का कुणी?" त्यांचेही खोटे नव्हते. गुरुजींनी त्यांना कायदा सांगितला नाही. मुलींचे वडीलच म्हणाले, त्यांच्या सासुरवाडीला तारेची पद्धत आहे. दोन खांबांमध्ये छातीएवढ्या उंचीवर तार ताणायची, तारेत लोखंडी कडी ओवायची आणि कडीला साखळी. कुत्रा गोठ्यापासून विहिरीपर्यंत पळतो, कडी तारेवरून सरकते, पण वाटेपर्यंत तो पोचत नाही. दोन्ही टोकांना गाठ मारायची, म्हणजे साखळी खांबाला गुंडाळत नाही. सावली आणि पाण्याची बादली त्या टप्प्यात आली पाहिजे. रात्री वाट बंद झाली की सोडायचा.

काकांकडे द्राक्षबागेची जुनी तार पडलेली होती. तीच वापरली. काळा कुत्रा पहिले दोन दिवस खूप ओरडला, आता तारेखाली झोपलेला असतो. दोघी बहिणी परत त्याच वाटेने येतात, अजून हौदापर्यंत एकमेकींचा हात धरून.

ओढ्याकडच्या घराने मात्र अजून ऐकलेले नाही. तेथे तीन मोकळी कुत्री आहेत आणि तिघांनाही लस नाही. त्या बाजूची चौघे मुले बांधावरून वळसा घालून येतात, त्यांना उशीर झाला तर वर्गात कोणी ओरडू नये. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना आम्ही पत्र लिहिले आहे. त्यांनी लस टोचायला शाळेजवळ यायचे कबूल केले आहे. तारीख कळली की याच भिंतीवर, फळ्याच्या डाव्या बाजूला, लावू. ज्यांच्या घरी कुत्रे आहे त्यांनी येताना दावे आणि घरातले एक मोठे माणूस घेऊन यावे.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी