उद्यापासून फिरणार, पण किती वाजता?

"डॉक्टर, उद्यापासून फिरायला लागतो," असे मधुमेही रुग्ण सांगतात. मी विचारतो, किती वाजता? कुठपर्यंत? बहुतेकजण तिथेच अडखळतात. 'चहा झाला की चपला घालून मारुतीच्या देवळापर्यंत' असे ठरले, तर पाय निघतात. आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे हे ध्येय. सुरुवात मात्र रोज दहाच मिनिटांनी करावी. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या एका अभ्यासात, नवी सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस, तर कुणाला २५४ दिवस लागतील असे दिसले. (एकवीस दिवसांचे गणित विसरा!) एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडलेही नाही. पावसात ओसरीवरच फेऱ्या माराव्यात. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी. पायाला जखम असल्यास आधी ती दाखवावी.