केशकर्तनाचे पहिले पाठ

गावगाड्यातील बारा बलुतेदारांत न्हाव्याची गणना होत असे. धोकटी काखेत मारून तो घरोघर जाई आणि सुगीला आपले बलुते घेई. तो काळ मागे पडला व धोकटीच्या जागी आरसे लावलेले सलून आले. शिकण्याची रीत मात्र फारशी बदललेली नाही. आजही पुष्कळ मुले वडिलांच्या किंवा मामाच्या दुकानातच हा व्यवसाय शिकतात.

उमेदवारीचा आरंभ केर काढण्यापासून होतो. त्यात गैर काही नाही. केर काढता काढता मुलगा पाहत असतो, आणि पाहणे हे या विद्येचे अर्धे अंग आहे. परंतु वर्ष-वर्ष केवळ केरच काढावयास लावणे याला शिक्षण म्हणता येणार नाही. कात्री लवकर हाती यावी. प्रथम केसांवर नव्हे, नुसती हवेत. एका कडीत अंगठा, दुसरीत अनामिका. अंगठ्याकडील पाते तेवढे हलावयाचे, दुसरे स्थिर राहावयाचे. ही सवय हाडीमासी खिळली नाही, तर कंगव्यावर कात्री चालविताना केसांत पायऱ्या पडतात आणि त्या मागाहून पुसता येत नाहीत.

विजेच्या मशीनने काम सोपे केले, हा समज अर्धाच खरा आहे. मशीनला पुढे लावावयाच्या छोट्या कंगव्यांपैकी एक नंबरचा सुमारे ३ मिलिमीटर, दोनचा ६ आणि चारचा १२ मिलिमीटर केस ठेवतो. आरंभ नेहमी मोठ्या नंबराने करावा. दोन लांबींमधली रेषा मिटविण्याचे खरे कौशल्य मात्र पुन्हा हाताकडेच येते. भोवऱ्याजवळचे केस फार आखूड केल्यास ते उभे राहतात. ओले केस ताणलेले असतात व वाळल्यावर आखडतात; तेव्हा कपाळावरचे केस थोडे लांबच राखावेत. कल्ले कानांवरून मोजू नयेत, कारण दोन्ही कान क्वचितच एका पातळीत असतात. आरशात समोरून पाहून ते जुळवावेत. शिवाय कात्री उचलण्यापूर्वी विचारून घ्यावे. ‘बारीक करा’ याचा अर्थ शाळकरी मुलाच्या आईच्या मनात एक असतो आणि मुलाच्या मनात दुसराच!

केस चुकले तरी महिना-दीड महिन्यात वाढतात. वस्तऱ्याचे तसे नाही. कावीळ ‘ब’चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरू शकतो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्ताच्या अंशातूनही तो पसरतो. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकास नवे ब्लेड, तेही त्याच्यादेखत बसविलेले, हा नियम पहिल्या दिवसापासून शिकविला पाहिजे. वापरलेले ब्लेड केरात न टाकता जाड डब्यात टाकावे. नुसत्या पाण्याने वस्तरा निर्जंतुक होत नाही. तुरटीचा एकच खडा दिवसभर सर्वांच्या गालांवर फिरविण्याची चाल तर सोडलीच पाहिजे. तुरटीची पूड स्वच्छ कापसावर घेऊन लावता येते. कारागिराने स्वतः कावीळ ‘ब’ची लस टोचून घेणे हिताचे आहे.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत केशकर्तनाचा समावेश आहे. पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि पहिल्या टप्प्यात पाच टक्के व्याजाने एक लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. पाच-सात दिवसांत हात बसत नाही, हे उघड आहे. परंतु चुकीच्या सवयी ध्यानात येण्यास तेवढा अवधी पुरतो. अर्जदाराचे वय किमान १८ वर्षे असावे लागते व एका कुटुंबातील एकासच लाभ मिळतो. दुसऱ्याच्या दुकानात शिकणारा उमेदवार तिच्या कक्षेत येत नाही, कारण ती स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या कारागिरांसाठी आहे. त्याचा भार उस्तादावरच राहतो.

ग्रामीण भागातील अर्जांची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे असते. त्या निमित्ताने सरपंच वा सदस्य दुकानात गेलेच, तर वापरलेल्या ब्लेडांचा डबा कोठे ठेवला आहे आणि तो भरल्यावर त्याचे काय केले जाते, हेही विचारता येईल.