महाविद्यालयीन आरोग्यकेंद्र आणि विद्यार्थ्यांचे मद्यपान

महाविद्यालयात प्रवेश मिळाला की अनेक मुलेमुली प्रथमच घर सोडून वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहावयास जातात. हाती थोडा पैसा येतो, वडीलधाऱ्यांची नजर दूर होते आणि नव्या मित्रमंडळींत आपले स्थान निर्माण करण्याची ओढ लागते. मद्याची पहिली ओळख पुष्कळांना याच वयात होते. त्यांपैकी थोडेच विद्यार्थी पुढे मद्यासक्त होतात. परंतु अपघात, मारामारी, अत्याचार, परीक्षेतील अपयश आणि प्रसंगी मृत्यू हे परिणाम व्यसन जडण्याची वाट पाहत नाहीत. एका रात्रीच्या अतिरेकातूनही ते ओढवतात. म्हणूनच या प्रश्नाकडे शिस्तीबरोबरच आरोग्याच्या दृष्टीनेही पाहिले पाहिजे, हा विचार गेल्या चार दशकांत पुढे आला. अमेरिकेतील विद्यापीठांनी या बाबतीत घेतलेला अनुभव अभ्यासण्याजोगा आहे.

प्रश्नाचे स्वरूप

अमेरिकेत १९८४ साली मद्य खरेदीची किमान वयोमर्यादा २१ वर्षे ठरविणारा केंद्रीय कायदा झाला आणि १९८८ पर्यंत सर्व राज्यांनी ती स्वीकारली. या कायद्यामुळे तरुणांचे वाहन अपघात कमी झाले. तथापि, विद्यापीठांच्या परिसरातील मद्यपान थांबले नाही. तेथील राष्ट्रीय मद्यपान व मद्यासक्ती संशोधन संस्थेच्या कृतिगटाने २००२ साली सादर केलेल्या अहवालानुसार, १८ ते २४ वयोगटातील १,४०० हून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थी दरवर्षी मद्याशी संबंधित अपघातांत मृत्युमुखी पडत होते. त्यांत वाहन अपघातांचे प्रमाण सर्वाधिक होते.

जोखमीचे मद्यपान म्हणजे काय, हे प्रथम निश्चित करणे आवश्यक होते. याच संस्थेने २००४ साली केलेल्या व्याख्येप्रमाणे, सुमारे दोन तासांत पुरुषाने पाच किंवा स्त्रीने चार प्रमाणित मात्रा घेतल्यास ते अतिरेकी मद्यपान ठरते. अमेरिकेत एका मात्रेत १४ ग्रॅम शुद्ध मद्यार्क धरला जातो. आपल्याकडे सामान्यतः १० ग्रॅमचे माप वापरतात. ३० मिलिलिटर व्हिस्की किंवा रमच्या एका पेगमध्ये साधारणपणे एवढा मद्यार्क असतो. मात्र ८ टक्के मद्यार्काच्या ‘स्ट्राँग’ बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे ४० ग्रॅम, म्हणजे चार पेगांइतका मद्यार्क असतो. “मी फक्त बिअर घेतो” असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्यास हा हिशेब सहसा ठाऊक नसतो.

आरोग्यकेंद्रच का?

व्यसनमुक्ती केंद्राची पायरी विद्यार्थी आपण होऊन चढत नाही, कारण आपणांस व्यसन आहे असे त्याला वाटतच नसते. परिसरातील आरोग्यकेंद्रात मात्र तो ताप, पित्त, निद्रानाश, मुरगळलेला पाय किंवा पडून झालेली जखम घेऊन येतो. त्या भेटीत रक्तदाबाप्रमाणेच मद्यपानाचीही चौकशी सर्वांकडे सहजपणे करता येते. सर्वांनाच विचारल्याने कोणासही आपल्यावर संशय घेतला जात आहे असे वाटत नाही.

या चौकशीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सहा देशांतील अभ्यासाच्या आधारे दहा प्रश्नांची चाचणी तयार केली. किती वेळा मद्य घेतले जाते, एका वेळी किती घेतले जाते, प्यायल्यानंतरचे काही आठवत नाही असे घडते काय, स्वतःला वा इतरांना इजा झाली काय, अशा स्वरूपाचे हे प्रश्न आहेत. प्रत्येकास ० ते ४ असे एकूण ४० गुण असतात. बेरीज ८ वा अधिक झाल्यास मद्यपान जोखमीचे मानतात आणि २० वा अधिक झाल्यास तज्ज्ञाकडून तपासणी करवून घ्यावी असे सुचविले जाते. घाई असेल तेव्हा पहिल्या तीन प्रश्नांवरही प्राथमिक अंदाज बांधता येतो.

थोडक्या संवादाची पद्धत

चाचणीनंतर काय करावे, याचे उत्तर सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात ॲलन मार्लॅट व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. त्यांनी जोखीम असलेल्या ३४८ नवागत विद्यार्थ्यांची निवड केली. त्यांपैकी निम्म्यांशी पहिल्या वर्षी एकेक वैयक्तिक बैठक घेण्यात आली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दोन वर्षांनंतरही या विद्यार्थ्यांचे मद्यपान आणि त्यापासून होणारे अपाय इतरांपेक्षा कमी होते.

या बैठकीत उपदेश किंवा धाक यांना स्थान नसते. समुपदेशक विद्यार्थ्याने दिलेली माहितीच त्याच्यासमोर मांडतो : आठवड्यात किती मात्रा झाल्या, त्यावर किती पैसा गेला, किती तासिका बुडाल्या. त्यानंतर त्याच्या समजुती तपासल्या जातात. “सगळेच पितात” ही त्यांतील सर्वांत प्रबळ समजूत होय. वेस्ली पर्किन्स व ॲलन बर्कोविट्झ यांनी १९८६ साली दाखवून दिले की, विद्यार्थी आपल्या सोबत्यांच्या मद्यपानाचा अंदाज प्रत्यक्षाहून बराच अधिक करतात आणि त्या काल्पनिक प्रमाणाशी बरोबरी करू पाहतात. खरे आकडे दाखविल्यावर हा दबाव सैल होतो. शेवटी, काय बदलावयाचे आणि कसे, हे विद्यार्थी स्वतःच ठरवतो. स्वतः केलेला निश्चय लादलेल्या निर्बंधापेक्षा अधिक टिकतो, हे या पद्धतीमागील सूत्र आहे.

या उपायाचे यश माफक आहे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. पाच विद्यापीठांच्या आरोग्यकेंद्रांत डॉक्टरांनी ९८६ विद्यार्थ्यांवर केलेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, सल्ला मिळालेल्या व न मिळालेल्या अशा दोन्ही गटांतील मद्यपान कमी झाले. सल्ला मिळालेल्या गटातील घट काहीशी अधिक होती. तथापि, खर्च अल्प आणि लाभार्थी मोठ्या संख्येने असल्यामुळे ही माफक घटही मोलाची ठरते.

जीव वाचविणारा एक फोन

अतिरेकी मद्यपानात सर्वांत मोठा धोका मित्रांच्या चुकीच्या समजुतीमुळे उद्भवतो. “झोपू द्या, सकाळी उतरेल” असे म्हणून बेशुद्ध मित्रास खोलीत एकटे सोडले जाते. वस्तुतः शेवटच्या पेल्यानंतरही पोटातील मद्य रक्तात मिसळत राहते. यकृत तासाला साधारणतः ७ ते १० ग्रॅम मद्यार्काचाच निचरा करू शकते. कॉफी, लिंबूपाणी किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. हाका मारूनही जाग न येणे, बेशुद्धीत उलटी होणे, श्वास मिनिटाला आठांपेक्षा कमी होणे, दोन श्वासांत दहा सेकंदांहून अधिक अंतर पडणे, अंग थंड वा निळसर होणे, ही धोक्याची लक्षणे होत. अशा वेळी रुग्णास कुशीवर वळवावे, एकटे सोडू नये आणि तात्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शिक्षेच्या भीतीने हा फोनच केला जात नाही, असे आढळल्यावरून कॉर्नेल विद्यापीठाने २००२ साली वैद्यकीय अभयाचे धोरण स्वीकारले. मदत मागणाऱ्यावर व रुग्णावर शिस्तभंगाची कारवाई होणार नाही, मात्र रुग्णाने नंतर आरोग्यकेंद्रात समुपदेशनास यावे, असे त्याचे स्वरूप होते. त्यानंतर मदतीसाठी येणारे फोन वाढले आणि समुपदेशन घेणाऱ्यांचे प्रमाण दुपटीहून अधिक झाले.

आपल्याकडील शक्यता

महाराष्ट्रात मद्यासाठी २५ वर्षांची आणि सौम्य बिअर व वाइनसाठी २१ वर्षांची वयोमर्यादा आहे. म्हणजे बहुतेक पदवी विद्यार्थ्यांना कायद्याने मद्य घेता येत नाही. या कायद्याची अंमलबजावणी झालीच पाहिजे. पण जो विद्यार्थी आधीच पिऊ लागला आहे, त्याच्यासाठीही एक दार उघडे असावे लागते.

प्रत्येक महाविद्यालयात पूर्णवेळ डॉक्टर नेमणे शक्य नाही, ही अडचण खरी आहे. या बाबतीत गोव्याचा अनुभव उत्साहवर्धक आहे. तेथील प्राथमिक आरोग्यकेंद्रांत ३७७ मद्यपी पुरुषांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार बैठका घेतल्या. तीन महिन्यांनंतर या गटातील ३६ टक्के पुरुष जोखमीच्या पातळीखाली आले होते. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे २६ टक्के होते. हे पुरुष विद्यार्थी नव्हते, तरीही योग्य प्रशिक्षण मिळालेला साधा कार्यकर्ता हे काम करू शकतो, हे त्यावरून सिद्ध होते.

राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी, वसतिगृहाचे अधीक्षक आणि एखादा जाणकार प्राध्यापक यांना असे प्रशिक्षण देता येईल. प्रवेशाच्या वेळी होणाऱ्या आरोग्य तपासणीत मद्यपानाविषयीचे तीन प्रश्न समाविष्ट करता येतील. मात्र दिलेली उत्तरे गोपनीय राहतील आणि प्राचार्यांच्या शिस्तपुस्तकात त्यांची नोंद होणार नाही, याची हमी हवी. ती नसेल तर खरे उत्तर मिळणार नाही. रोज मद्य घेणाऱ्या आणि न घेतल्यास हात थरथरणाऱ्या विद्यार्थ्यास एकदम मद्य बंद करण्याचा सल्ला देऊ नये, कारण त्यातून झटके येऊ शकतात. त्यास रुग्णालयातच पाठवावे. पुण्यात १९८६ पासून कार्यरत असलेल्या मुक्तांगणसारख्या संस्था व शासकीय रुग्णालये यांच्याशी महाविद्यालयांनी संपर्क ठेवावा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ व मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे निःशुल्क दूरध्वनी क्रमांक वसतिगृहाच्या फलकावर लावावेत.

ग्रामपंचायत सदस्यांचाही या कार्यात वाटा आहे. गावातून शहरात शिकावयास जाणाऱ्या मुलामुलींच्या पालकांना एकत्र बोलावून हे क्रमांक व ही लक्षणे सांगणे त्यांना सहज शक्य आहे. सुटीत घरी आलेल्या मुलाचे काही बिनसले आहे असे दिसताच त्याला चारचौघांत दोष देण्याऐवजी एकांतात विचारपूस केली, तर तो बोलू लागतो. महाविद्यालयाच्या आरोग्यकेंद्राचे कामही असेच विचारपूस करण्यापासून सुरू होते. एका कुटुंबाने पोटाला चिमटा घेऊन शिकावयास पाठविलेले मूल सुखरूप परत यावे, एवढ्यासाठी पाच मिनिटांची ही विचारपूस प्रत्येक महाविद्यालयात सुरू व्हावयास हवी.