पेट्रोल आणि ऑइलचा जोड पंप: बदलण्यापूर्वी काय तपासावे

नर्मदेवरील धरणाच्या फुगवट्यामुळे अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतील काही पाड्यांना पाण्यावरूनच जावे लागते. २०२० मध्ये चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका स्वतः होडी वल्हवत गरोदर बायकांपर्यंत आणि बाळांपर्यंत पोहोचत होत्या, हे पुष्कळांनी वाचले असेल. अशा ठिकाणी होडीला इंजिन असावे असे आपल्याला वाटते, आणि मग कोणीतरी आपुलकीने विचारते, "आमच्या ओळखीच्यांकडे जुने जॉन्सन किंवा एविनरूड पडून आहे, देऊ का?" हो म्हणण्याआधी त्या इंजिनातला एक भाग समजून घ्यावा, म्हणून हा लेख. होडीचे इंजिन मध्येच बंद पडले की आत बसलेल्या माणसाला उतरून चालत जाता येत नाही.

हे टू-स्ट्रोक इंजिन आहे. मोटारीप्रमाणे त्याच्या तळाशी ऑइल साठलेले नसते. पेट्रोलबरोबर जे ऑइल आत जाते तेच बेअरिंग आणि पिस्टनला वंगण देते आणि जळून जाते. पूर्वी चालक पेट्रोलच्या टाकीत मोजून ऑइल घालत. ५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल, म्हणजे लिटरला २० मिली. १९८४ पासून या दोन्ही इंजिनांच्या अमेरिकन कंपनीने, ओएमसीने, 'व्हीआरओ' नावाचा जोड पंप आणला. एकाच डबीत पेट्रोलचा पंप आणि ऑइलचा पंप. इंजिनाच्या क्रँककेसमध्ये प्रत्येक फेऱ्याला दाब वरखाली होतो. तो एका नळीने पंपाला मिळतो आणि त्यावर दोन्ही पंप चालतात. वेगळ्या टाकीतले ऑइल पंपातच पेट्रोलमध्ये मिसळते. पूर्ण वेगात प्रमाण ५०:१, संथ चालीत सुमारे १५०:१. धूर कमी, ऑइलची बचत आणि मोजायची कटकट नाही. कल्पना चांगलीच होती.

अडचण बिघाडाच्या रीतीत आहे. पेट्रोलचा भाग बिघडला तर इंजिन स्वतःच बंद पडते, म्हणजे निदान कळते तरी. ऑइलचा भाग बिघडला तर इंजिन काही वेळ छान चालते आणि मग पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो. म्हणून या इंजिनांना भोंगा दिलेला आहे. १९९६ पूर्वीच्या बऱ्याच मॉडेलांत सुमारे ४० सेकंदांनी एकदा वाजला तर टाकीतले ऑइल कमी, भराभर तुटक वाजला तर पंपाला ऑइल मिळत नाही, सलग वाजत राहिला तर इंजिन तापले. जुने इंजिन घेताना किल्ली फिरवून आधी भोंगा वाजतो का ते पाहावे. कित्येकदा आवाजाला कंटाळून कोणीतरी त्याची तार काढून ठेवलेली असते.

आता तपासणी. इंजिन वेग घेत नाही, दम टाकते, अशी तक्रार आली की लोक लगेच पंपावर बोट ठेवतात. माझ्या मते तिथे सर्वांत शेवटी जावे. इंजिन दम टाकत असताना पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा दाबावा. दाबल्याबरोबर इंजिन सावरले तर पेट्रोल पुरत नाही एवढेच सिद्ध होते, दोष पंपाचा आहे हे नव्हे. फुगा चपटा होऊन बसत असेल तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे: झाकणावरची हवेची चकती बंद राहिली, तळाची जाळी तुंबली किंवा नळी आतून सुटली. दुसरी छोटी टाकी आणि नवी नळी लावून चालवले की अर्ध्या तासात उत्तर मिळते. त्यानंतर क्रँककेसकडून येणारी दाबाची नळी पाहावी. तिला चीर असेल तर चांगला पंपही मेल्यासारखा वागतो. साध्या पंपाच्या याच नळीत पेट्रोल सापडले तर आतला पडदा फाटला आहे, हे नक्की.

ऑइलच्या बाजूची परीक्षा वेगळी. पेट्रोलच्या टाकीत ५०:१ प्रमाणात ऑइल मिसळावे, ऑइलच्या टाकीवर पातळीची खूण करावी आणि होडी पाण्यात चालवावी. पातळी खाली गेली तर पंप ऑइल ओढतो आहे. नाही गेली तरी टाकीत मिसळलेले ऑइल इंजिनाला वाचवते. थोडा धूर होईल, तो होऊ द्यावा. ही परीक्षा कोरड्या जमिनीवर घेऊ नये. पाण्याशिवाय काही सेकंदांतच थंड पाण्याच्या पंपाचे रबर जळते.

पंपच गेला आहे असे ठरले तर दोन वाटा आहेत. पहिली, नवा जोड पंप. त्याचा ऑइलचा भाग सुटे भाग घालून गावात दुरुस्त करण्यासारखा नाही. अख्खा बदलावा लागतो आणि महाग पडतो. ओएमसी २००० च्या अखेरीस दिवाळखोरीत गेली आणि तिच्यानंतरच्या मालकांनी २०२० मध्ये एविनरूडचे उत्पादनही थांबवले. भाग मिळतात, पण तालुक्याच्या बाजारात नाहीत. नवा बसवल्यावर ऑइलच्या नळीतली हवा पूर्ण काढावी आणि पहिली टाकी ५०:१ मिसळूनच वापरावी. नळीला मूळ पद्धतीचाच क्लॅम्प लावावा. स्क्रूचा क्लॅम्प मऊ नळीला कापतो आणि तिथून हवा ओढली जाते.

दुसरी वाट साधी: इंजिनाच्या ताकदीला पुरेल असा नुसता पेट्रोलचा पंप लावणे, ऑइलची टाकी काढून तिची नळी पक्की बंद करणे आणि पुन्हा हाताने मिसळणे. दुर्गम भागासाठी मी हीच वाट सुचवते. पंप स्वस्त, पडदा बदलता येतो आणि ऑइल पडले की नाही हे डोळ्यांना दिसते. तारा सोडवताना मात्र इंजिन तापल्याची सूचना देणारी तार तोडू नये. या वाटेचा खरा धोका माणसांचा आहे. नव्या चालकाने कोरे पेट्रोल भरले की इंजिन संपले. म्हणून टाकीवर मोठ्या अक्षरांत "ऑइल मिसळूनच भरा" असे रंगवावे, ज्यांना वाचता येत नाही त्यांना तोंडी सांगावे आणि मोजमापाची बाटली टाकीलाच दोरीने बांधावी.

ऑइल 'टीसी-डब्ल्यू३' प्रतीचेच हवे. स्कूटरचे टू-स्ट्रोक ऑइल हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असते, ते इथे चालत नाही. पेट्रोलचीही काळजी आहे. आपल्याकडे आता त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबराला ते मानवत नाही. शिवाय ते पाणी शोषते, आणि पाणी फार झाले की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात. त्या थरात ऑइल नसते आणि इंजिन ओढते तळातूनच. पावसाळ्यात महिनाभर पडून राहिलेले पेट्रोल म्हणून होडीत घालू नये. पंप उघडताना बॅटरीची तार आधी काढावी, आणि जवळ विडी ओढणाऱ्याला लांब पाठवावे, तो कितीही मदत करत असला तरी.

आणि वाटेतच भोंगा भराभर वाजू लागला तर? इंजिन ताबडतोब बंद करावे. ऑइलची टाकी, तिची नळी पाहावी. दोष सापडला नाही तर पेट्रोलच्या टाकीत लिटरमागे २० मिली ऑइल घालून टाकी चांगली हलवावी, नळीतले कोरे पेट्रोल एका डब्यात काढून घ्यावे, फुगा दाबावा आणि संथ चालीने जवळचा काठ गाठावा. यासाठी होडीत एक लिटर ऑइल, मोजमाप आणि दोन वल्ही कायम हवीत. तेव्हा जुने इंजिन देऊ करणाऱ्यांना विनंती आहे की त्याचे मॉडेल आणि वर्ष कळवा, त्यावर जोड पंप आहे की साधा ते पाहून सांगा, आणि जमले तर इंजिनाबरोबर एक जास्तीचा साधा पंप, पडद्याचा संच आणि चार मीटर पेट्रोलची नळी पाठवा.