ओढून ठेवलेल्या होडीच्या टाकीतील जुने पेट्रोल

मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी मालवण, तारकर्ली, देवबाग, आचरा या किनाऱ्यावरील लहान होड्या पाण्याबाहेर ओढल्या जातात आणि माडाच्या झापांखाली किंवा ताडपत्रीखाली ठेवल्या जातात. अलीकडील वर्षांत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीस १ जून ते ३१ जुलै अशी बंदी असते. पर्यटकांना नेणाऱ्या होड्या त्याहूनही अधिक काळ किनाऱ्यावर असतात. या दिवसांत पुष्कळसे नौकामालक भातलावणीत गुंतलेले असतात. सवड मिळेल तशी जाळी दुरुस्त होतात, होडीला रंग दिला जातो. परंतु इंजिनाच्या लाल टाकीत उरलेल्या पेट्रोलाकडे सहसा कोणी पाहत नाही. पेट्रोल हे काही दुधासारखे नासत नाही, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही.

पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण आहे. त्यांतील हलके घटक प्रथम उडून जातात आणि इंजिन चटकन सुरू होण्यास नेमके तेच लागतात. उरलेल्या घटकांचा हवेशी संयोग होऊन चिकट, डिंकासारखा पदार्थ तयार होतो व तो कार्ब्युरेटरच्या सुईएवढ्या छिद्रांत बसतो. हे दोष पूर्वीही होतेच. आता त्यांत एकाची भर पडली आहे. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल पाणी शोषून घेते. थोडे पाणी त्यात विरून जाते व डोळ्यांना दिसत नाही; परंतु मर्यादेबाहेर पाणी गेले की इथेनॉल पेट्रोलाची संगत सोडते आणि पाण्यासह तळाशी जाऊन बसते. वीस लिटरांच्या टाकीत असा थर तीन-चार लिटरांचाही होऊ शकतो.

हे पाणी येते कोठून? कोकणातील दमट हवेस सर्व दोष देण्याची प्रथा आहे. दमट हवेतून पाणी शिरते हे खरे, पण त्याची गती मंद असते. खरे पाणी शिरते ते झाकणावरील हवेचा स्क्रू उघडा राहिल्यामुळे, झाकणाचे रबर फाटल्यामुळे आणि गळक्या छपराखाली टाकी ठेवल्यामुळे.

टू-स्ट्रोक इंजिनाच्या मालकाने एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. अशा अनेक इंजिनांत वंगण पेट्रोलातच मिसळलेले असते. ५० भागांस १ भाग हे प्रमाण असल्यास एक लिटर पेट्रोलात २० मिलिलिटर तेल पडते. थर वेगळे झाले म्हणजे हे तेल बहुतांशी वरच्या पेट्रोलाबरोबर राहते. टाकीतील नळी मात्र तळातून ओढते. त्यामुळे इंजिनास इथेनॉलमिश्रित पाणी मिळते व वंगण जवळजवळ मिळत नाही. इंजिन मुळीच सुरू झाले नाही तर ते भाग्यच म्हणावयाचे. कारण ते कसेबसे सुरू होऊन पुढे गेले तर दट्ट्या तापून सिलिंडरमध्ये जखडतो. मालवणच्या बंदराला खडकांचा वेढा आहे आणि देवबागजवळ कर्ली खाडीच्या मुखाशी उथळ वाळूवर लाटा फुटतात. हंगामाच्या आरंभी समुद्र अजून पुरता निवळलेला नसतो. अशा जागी इंजिन बंद पडले तर वल्ही हाती घेण्यापुरताही अवधी मिळेलच असे नाही.

जुने पेट्रोल तपासणे कठीण नाही. टाकी न हलवता, तळापर्यंत पोहोचेल अशा नळीने, हातपंप लावून थोडे पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत काढावे. तोंडाने ओढून कधीही काढू नये. पेट्रोलाचा घोट फुप्फुसात गेल्यास जिवावर बेतते. बाटलीला बूच लावून ती अर्धा तास सावलीत स्थिर ठेवावी. तळाशी निराळा थर किंवा पाण्याचे थेंब दिसले, किंवा द्रव गढूळ राहिला, तर टाकीतील सर्वच पेट्रोल बाद समजावे. वरचा थर स्वच्छ दिसतो म्हणून तो ओतून घेण्याचा मोह होतो. परंतु त्यातील इथेनॉल निघून गेल्यामुळे त्याची प्रत उतरलेली असते व इंजिन ठोके देऊ लागते. रंगावर फार विसंबू नये, कारण मिसळलेल्या तेलानेही रंग बदलतो. वास अधिक विश्वसनीय आहे. ताज्या पेट्रोलाचा वास तीव्र असतो. जुन्याला आंबूस, रोगणासारखा वास येतो.

पेट्रोल स्वच्छ असून वासही बिघडला नसेल, तर ते टाकून देण्याचे कारण नाही. हल्लीच्या दराने वीस लिटर म्हणजे सुमारे दोन हजार रुपये होतात, आणि ते वाया घालविणे कोणासही परवडणारे नाही. तथापि ते समुद्रात जाणाऱ्या इंजिनात घालू नये. तेल मिसळलेले असल्यास त्याच प्रमाणात तेल मागणाऱ्या गवत कापण्याच्या टू-स्ट्रोक यंत्रात, एका भागास चार भाग ताजे मिश्रण घालून ते संपवावे. ते यंत्र बंद पडले तर बांधावर बंद पडेल. तेल मिसळलेले पेट्रोल फोर-स्ट्रोक पंपात किंवा मोटारसायकलीत घालू नये.

बाद पेट्रोल खाडीत, गटारात किंवा माडाच्या आळ्यात ओतण्याची चाल मात्र बंद झाली पाहिजे. देवबागसारख्या वाळूच्या पट्ट्यात वर ओतलेले पेट्रोल सहज खाली झिरपते, आणि पिण्याची विहीर तेथून काही पावलांवरच असते. मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तेथे प्रवाळ आहे. चुलीत ओतणे किंवा पालापाचोळा पेटविण्यास वापरणे हे तर आपल्याच घरास आग लावणे होय. बाद पेट्रोल घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून त्यावर ठळक अक्षरांत नाव लिहावे, डबा घरापासून दूर सावलीत ठेवावा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या संकलकाकडे द्यावा. एकेका नौकामालकास हे जड जाते. मच्छीमार सहकारी संस्थेने सर्वांच्या वतीने संकलकाशी बोलून एक दिवस ठरविला, तर काम सोपे होते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने यात पुढाकार घ्यावा. मात्र सर्वांचे पेट्रोल आधीच एका जागी गोळा करून ठेवू नये. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार परवान्याशिवाय ३० लिटरपेक्षा अधिक पेट्रोल साठविता येत नाही.

टाकी रिकामी करण्याचे काम उघड्यावर, वारा खेळत असताना करावे. पेट्रोलाची वाफ हवेपेक्षा जड असते. ती मांगरात किंवा होडीच्या तळाशी साचते आणि दूरच्या विडीनेही पेट घेते. टाकी पाण्याने धुऊ नये, थोड्या ताज्या पेट्रोलाने खळबळून ते बाद डब्यात ओतावे. कार्ब्युरेटरच्या वाटीखालील स्क्रू सैल करून तेथील जुना अंशही काढावा, गाळणी बदलावी, रबरी फुगा व नळी वाकवून तडे पाहावेत. इथेनॉलने जुने रबर फुगते व ठिसूळ होते.

पुढील वर्षी हा खटाटोप नको असेल, तर मेच्या अखेरीस बेताचेच पेट्रोल आणावे. होडी ओढल्यावर इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात चालू करावे, म्हणजे आतील खारही धुऊन जातो. मग पेट्रोलाची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडू द्यावे. फ्युएल इंजेक्शनच्या नव्या इंजिनांस ही रीत लावू नये, त्यांच्या पुस्तिकेत दिलेली रीत पाळावी. टाकी कोरडी करून, झाकण व स्क्रू घट्ट लावून सावलीत ठेवावी. डिझेलवर चालणाऱ्या मोठ्या नौकांची गोष्ट याच्या उलट आहे. त्यांच्या स्थिर टाक्या जवळजवळ भरून ठेवणे बरे, म्हणजे आत दव धरत नाही. मात्र तळाचे पाणी काढले नाही तर तेथे सूक्ष्म जंतू वाढून काळा, बुळबुळीत थर धरतो व गाळण्या तुंबतात.

नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात लोटण्यापूर्वी ताजे पेट्रोल घालून इंजिन पुन्हा पिंपातच पंधरा मिनिटे चालवावे. ते अडखळले, किंवा थंड करणाऱ्या पाण्याची धार नीट पडली नाही, तर त्या दिवशी होडी लोटू नये.