टिअरड्रॉप कॅम्परची भिंत: हलकी, ताठ आणि कोरडी

हिवाळ्याच्या तोंडावर लेक डिस्ट्रिक्टमध्ये कधी गाडीत झोपला असाल, तर सकाळी काचांवरून ओघळणारे पाणी आठवत असेल. ते पावसाचे नव्हे, आपल्याच श्वासाचे पाणी. घरच्या घरी टिअरड्रॉप, म्हणजे थेंबाच्या आकाराचा छोटा कॅम्पर ट्रेलर बांधताना भिंतीचा विचार इथूनच सुरू करावा.

दुसरा प्रश्न वजनाचा. ब्रिटनमध्ये ब्रेक नसलेल्या ट्रेलरचे सामानासकट वजन ७५० किलोपेक्षा जास्त चालत नाही, शिवाय ते ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक नको. म्हणजे भिंत हलकी हवी, ताठ हवी आणि उबदारही हवी.

या देशात याचे एक जुने उत्तर आहे. डी हॅविलंड कंपनीचे मॉस्किटो हे लाकडी विमान २५ नोव्हेंबर १९४० रोजी पहिल्यांदा उडाले. त्याच्या धडाला बर्च प्लायवूडचे दोन पातळ थर आणि मधे हलके बाल्सा लाकूड होते. यालाच सँडविच रचना म्हणतात. पट्टी वाकवली की एक बाजू ताणली जाते आणि दुसरी दाबली जाते. मधल्या भागावर हा भार फारच कमी येतो. म्हणून मजबूत लाकूड दोन्ही कडांना ठेवायचे आणि मधे हलका गाभा भरायचा.

आपल्या भिंतीचे गणित करू. १८ मिमी बर्च प्लायचे वजन दर चौरस मीटरला सुमारे १२ किलो. त्याऐवजी ४ मिमी प्लाय, २५ मिमी एक्सपीएस फोम (घरांच्या इन्सुलेशनचा घट्ट फोम) आणि पुन्हा ४ मिमी प्लाय घेतली, तर वजन साधारण साडेसहा किलो. ताठपणा मात्र हिशेबाने तिपटीहून जास्त! फोम थोडा सरकतो, त्यामुळे प्रत्यक्षात काहीसा कमी मिळतो.

आता उबेकडे. बाहेर ३ अंश, आत १८ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के धरा. अशा हवेतले बाष्प साडेतेरा अंशांच्या पृष्ठभागावर दव होऊन साचू लागते. १८ मिमी प्लायची आतली बाजू सुमारे १२ अंशांवर असते, म्हणजे ओली. सँडविचची १६ अंशांवर, म्हणजे कोरडी.

बांधताना हे सांभाळा:

१. भिंतीचा आकार २४४० × १२२० मिमीच्या एका शीटमध्ये बसवा. दोन्ही भिंतींच्या शीट एकमेकींवर घट्ट बांधून एकदमच कापा, म्हणजे जोडी तंतोतंत जुळेल.

२. फोममध्ये स्क्रू धरत नाही. कडांना, दाराभोवती आणि बिजागरी, दिवा, शेल्फ जिथे बसणार तिथे फोमऐवजी लाकडी पट्ट्या घाला.

३. सॉल्व्हंटवर आधारित गोंद फोम विरघळवतो. पॉलियुरेथेन गोंद वापरा आणि रात्रभर सगळीकडे सारखे वजन ठेवा. आधी एका छोट्या तुकड्यावर प्रयोग करून, वाळल्यावर तो फाडून पाहा. फोम तुटला पण सांधा टिकला, तर गोंद चांगला.

४. प्लायची प्रत्येक कापलेली कड आणि स्क्रूचे प्रत्येक भोक इपॉक्सीने बंद करा. आतल्या बाजूचे सांधेही बंद करा. नाहीतर बाष्प फटींतून आत शिरून थंड बाहेरच्या प्लायवर साचेल आणि दिसत नसताना लाकूड कुजेल.

सांध्यांची हेळसांड किती महाग पडते हेही मॉस्किटोनेच दाखवले. १९४४ मध्ये भारत-ब्रह्मदेश आघाडीवर काही विमाने हवेतच मोडली. चौकशीत दमट हवेबरोबरच कारखान्यात नीट न चिकटलेले सांधेही समोर आले.

शेवटची गोष्ट: हवा. दोन माणसे रात्रभरात श्वास आणि त्वचेवाटे सुमारे अर्धा लिटर पाणी सोडतात. तीन घनमीटरच्या खोलीतली १८ अंशांची हवा ५० ग्रॅम बाष्पही धरू शकत नाही. म्हणजे भिंत कितीही उबदार असली तरी बाकीचे पाणी कुठेतरी साचणारच. म्हणून एक झरोका खाली आणि एक वर, दोन्ही कायम उघडे ठेवा. श्वासालाही ते लागतातच. आणि थंडी कितीही असो, शेगडी किंवा बार्बेक्यू आत आणू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

भिंत बाहेरचे पाणी अडवते. आतले पाणी बाहेर काढायचे काम झरोक्याचे. कागदावर भिंत आखताना झरोकाही त्याच दिवशी आखा.